नोंद ठेवणारी माणसं

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. त्यांतल्या वणी तालुक्यात उकणी, कोलारपिंपरी भागात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. खाणीत कामाला लागणाऱ्या माणसाची आधी वैद्यकीय तपासणी होते आणि पुढे पाच वर्षांच्या आत ती पुन्हा करावी लागते. छातीचा एक्स-रे काढतात, कानाची तपासणी करतात आणि त्याचे कागद जपून ठेवावे लागतात. १९५२चा खाण कायदा आणि १९५५चे खाण नियम यांनी तसं ठरवून दिलं. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होण्याचा आजार सरकारला कळवण्याच्या आजारांच्या यादीत आहे. डॉक्टरला तो आढळला की खाण सुरक्षा महासंचालनालयाला कळवावं लागतं. या व्यवस्थेत उणिवा असतील, पण निदान व्यवस्था आहे. उद्या त्या कामगाराला धाप लागली तर काल त्याचं फुप्फुस कसं होतं, हे सांगणारा कागद कुठेतरी असतो.

त्याच जिल्ह्यात राळेगाव, मारेगाव, कळंब, घाटंजीच्या शिवारांत जुलै ते ऑक्टोबर पाठीवर पंप बांधून कपाशी फवारणारा मजूर असतो. त्याची कामाआधी तपासणी नाही, नंतरही नाही. आज कुणाच्या वावरात होता, टाकीत काय कालवलं होतं, किती तास फवारलं, याची नोंद कुठेच होत नाही. जगात जिथे जिथे कामाच्या जागचे आजार आणि त्यांची भरपाई यांचा अभ्यास करणाऱ्या संस्था आहेत, तिथल्या कर्मचाऱ्यांचं पहिलं काम ही नोंद ठेवणं हेच असतं. यवतमाळला अशी संस्था नव्हती. त्याची किंमत २०१७मध्ये मोजावी लागली.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी आणि काही वावरांत त्याहून उंच वाढली होती. बीटी कपाशीला देशात २००२मध्ये परवानगी मिळाली आणि २००६पासून दोन जनुकांचं वाण आलं. गुलाबी बोंडअळीने एव्हाना त्यालाही दाद देणं सोडलं होतं. तुडतुडे, मावा, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर तर बीटीचा उपाय कधीच नव्हता. फवारण्या वाढल्या आणि दोन-तीन कीटकनाशकं, वर एखादं टॉनिक असं एकाच टाकीत मिसळण्याची रीत पडली. उंच पिकात नोझल वर धरावं लागलं, फवारा परतून तोंडावर, मानेवर, छातीवर आला. हवा दमट, अंगावरचा सदरा घामाने आणि फवाऱ्याने ओला. बॅटरीवर आणि पेट्रोलवर चालणाऱ्या पंपांमुळे थोड्या वेळात कितीतरी अधिक द्रावण बाहेर पडत होतं. विष नाकातून शिरतं असा आपला समज असतो, पण फवारणीत ते जास्त करून कातडीतून शिरतं. ओला सदरा अंगावर ठेवून केलेला एकेक तास त्यात भर घालतो.

जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली. दवाखान्यात दाखल झालेल्यांची संख्या शेकड्यांत होती. या प्रश्नावर काम करणाऱ्या संघटना ती आठशेच्या घरात सांगतात. अमरावतीचे विभागीय आयुक्त पीयूष सिंह यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. राज्य सरकारने मृतांच्या कुटुंबांना दोन लाख रुपये जाहीर केले. अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी आली. त्यात मोनोक्रोटोफॉस, असिफेट, डायफेन्थियुरॉन ही एकेरी आणि प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड ही जोड-मिश्रणं होती. बंदी साठच दिवसांची का? १९६८च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम २७मध्ये राज्याच्या हातात तेवढेच दिवस आहेत, वर फार तर तीस. कायमची बंदी केंद्रच घालू शकतं, आणि मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाबाबत ती २०२३मध्ये आली.

पण भरपाईचा प्रश्न बंदीने सुटत नाही. भरपाईला पुरावा लागतो. हा पुरावा काय असतो आणि तो किती लवकर पुसला जातो, हे समजून घेतल्याशिवाय यवतमाळमध्ये काय हुकलं ते कळणार नाही.

मोनोक्रोटोफॉस, असिफेट, प्रोफेनोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली. आपल्या नसांच्या टोकांशी असिटिलकोलिन नावाचं द्रव्य निरोप पोचवतं आणि काम झालं की कोलिनएस्टरेज हे विकर त्याचा निकाल लावतं. या गटातलं विष त्या विकरालाच जखडून टाकतं. मग निरोप थांबतच नाहीत. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम वाहतो, ओकाऱ्या होतात, स्नायू थडथडतात, छातीत पाणी भरल्यासारखं होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अट्रोपिन आणि प्रालिडॉक्झिम हे यावरचे ठरलेले उतारे. विष किती भिनलं हे रक्तातल्या कोलिनएस्टरेजच्या पातळीवरून कळतं. ही पातळी किती घसरली ते मोजायचं तर मूळ पातळी ठाऊक हवी, कारण ती माणसागणिक वेगळी असते. लघवीत उतरणारे या विषाचे अवशेष एक-दोन दिवसांत निघून जातात. रक्तद्रवातलं विकर काही आठवड्यांत भरून येतं, तांबड्या पेशींमधलं रोज साधारण एक टक्का या चालीने तीन-चार महिन्यांत. म्हणजे शरीर बरं होऊ लागलं की त्याच्याबरोबर पुरावाही नाहीसा होऊ लागतो. त्या मोसमात कोलिनएस्टरेज मोजण्याची सोय यवतमाळात नव्हती. माणसं आली, काही वाचून घरी गेली, काही गेली नाहीत, आणि बहुतेकांच्या रक्ताने काय सांगितलं असतं ते आता कधीही कळणार नाही.

डायफेन्थियुरॉनचं प्रकरण आणखी अवघड. ते ऑरगॅनोफॉस्फेट नव्हे, त्यामुळे कोलिनएस्टरेजची चाचणी ते पकडणारच नाही, आणि त्यावर ठरलेला उताराही नाही. टाकीत दोन्ही असतील तर डॉक्टरने कशावर उपचार करायचे? टाकीत काय होतं हे विचारून लिहून घेणारा माणूस तिथे असणं म्हणजे अर्धं निदान झालं.

आपल्याकडे कायदा आहे, आणि तो चांगला आहे. १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, शेतीत कीटकनाशकांची फवारणी किंवा धुरळणी करणाऱ्या मजुराचा स्पष्ट उल्लेख आहे. तिसऱ्या अनुसूचीच्या पहिल्याच भागात ऑरगॅनोफॉस्फेटची विषबाधा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेली आहे. या भागातला आजार त्या कामावरच्या माणसाला झाला, तर तो कामामुळेच झाला असं धरून चालायचं आणि तसं नसल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर, इतकी मजुराच्या बाजूची तरतूद आहे. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावून घेतला गेला. तरी फवारणी करणारा रोजंदार मजूर त्याच्या आधारे भरपाई मागायला जात नाही. मालक कोण, हे त्याचं एक कारण. मालक म्हणजे बहुतेकदा चार-पाच एकरांचा कास्तकार, ज्याच्या डोक्यावर बँकेचं आणि कृषी सेवा केंद्राचं कर्ज आहे, आणि जो स्वतःही त्याच वावरात पंप घेऊन उतरलेला असतो. त्याच्याविरुद्ध दावा लावून मजुराच्या विधवेला काय मिळणार? कारखान्यातल्या मालकाला समोर ठेवून बेतलेला कायदा इथे येऊन अडतो.

दुसरी वाट गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेची. कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा तिच्यात अपघात म्हणून धरली आहे आणि मृत्यूनंतर दोन लाख मिळतात. पण योजना सातबाऱ्यावर उभी आहे. नंतर तिच्यात खातेदाराच्या कुटुंबातली व्यक्ती आली, भूमिहीन मजूर मात्र बाहेरच राहिला. फवारणीचं सर्वांत जास्त काम त्याच्याच पाठीवर असतं, आणि कोलाम, गोंड, परधान वस्त्यांवरची अनेक घरं अशीच आहेत.

यवतमाळात आणखी एक अडचण आहे, आणि ती लिहिताना मन जड होतं. शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा अशी याची ओळख देशभर झाली. विषबाधेचा रुग्ण आला की पहिला प्रश्न असा असतो: घेतलं की लागलं? दोन्हींत बाटली तीच आणि लक्षणंही पुष्कळशी तीच. मृत्यू झाला तर मर्ग दाखल होतो, व्हिसेरा प्रयोगशाळेत जातो, अहवालाला महिने लागतात. तोवर कुटुंबावर संशयाची सावली आणि मदत अडलेली. कातडीतून गेलेलं आणि तोंडातून गेलेलं विष यांतला फरक सांगायला कपड्यांची, कातडीची, कामाच्या तासांची नोंद लागते, आणि ती पहिल्या दिवशीच घ्यावी लागते.

या देशाने हा धडा आधी एकदा घेतला होता. १९५८मध्ये केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात पॅराथिऑन सांडलेलं धान्य खाऊन शंभरावर माणसं मेली. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला आणि पुढे १९६८चा कीटकनाशक कायदा आला. त्याच्या कलम २६नुसार राज्य सरकार अधिसूचना काढून विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याचं बंधन कुणावरही घालू शकतं. खाणकामगाराच्या फुप्फुसासाठी जे सक्तीचं आहे, ते फवारणी करणाऱ्याच्या रक्तासाठी सक्तीचं करण्याचा अधिकार या १९६८च्या कायद्याने राज्याच्या हाती दिलेला आहे. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातली सर्वांत कमी चर्चा झालेली गोष्ट हीच.

नोंदीने काय होतं हे केरळमधल्या कासरगोडात दिसलं. तिथल्या काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. १९६६मध्ये स्थापन झालेली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची. खाण, गिरणी, पाटी-पेन्सिलचे कारखाने, अकीक घासणारे कारागीर यांच्या आजारांवर काम करणारी माणसं तिथे आहेत: डॉक्टर, विषशास्त्रज्ञ, जीवरसायनवाले, संख्याशास्त्रज्ञ, हवेचे नमुने घेणारे तंत्रज्ञ. त्यांचं पथक २००१मध्ये कासरगोडच्या पद्रे गावी गेलं. गावातल्या शाळकरी मुलांची तपासणी केली, फवारणी न झालेल्या दुसऱ्या गावातली मुलंही तपासली, रक्तातलं एंडोसल्फान मोजलं आणि दोन्हींची तुलना मांडली. त्यावर वाद झाले, आक्षेप आले, पण वाद घालायला कागद होता. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये एंडोसल्फान थांबवलं आणि जानेवारी २०१७मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात यवतमाळची माणसं दवाखान्यात येऊ लागली. एंडोसल्फान शरीरात आणि मातीत रेंगाळतं, म्हणून पथक फवारणी थांबल्यावर आलं तरी त्याला काही सापडलं. ऑरगॅनोफॉस्फेट तेवढं थांबत नाही. त्याच्यासाठी माणसं आधीपासून जागेवर असावी लागतात.

टोरोंटोमध्ये १९९०पासून आणि मेलबर्नमध्ये २००९पासून कामगार भरपाईच्या यंत्रणेला जोडूनच संशोधन संस्था चालल्या. तिथली माणसं भरपाईच्या दाव्यांचे गठ्ठेच वाचतात. कोणत्या कामात कोणती इजा वारंवार होते, कोण कामावर परतलं, कोण परतू शकलं नाही, हे त्यातून काढतात. दावाच दाखल होत नाही तिथे हा अभ्यास सुरूही होऊ शकत नाही.

मग यवतमाळात हे काम कुणी केलं? वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात, एकामागून एक खाटा भरत असताना, निवासी डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी केसपेपर लिहिले. पोलिसांनी जबाब घेतले, तलाठ्याने आणि कृषी सहायकाने पंचनामे केले. पत्रकार गावोगाव फिरले. पेस्टिसाइड ॲक्शन नेटवर्कच्या कार्यकर्त्यांनी पीडितांशी बोलून अहवाल काढला. जम्मू आनंद यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका नेली, देवानंद पवार यांनी पीडितांची संघटना उभी केली. प्रत्येकाने आपल्या कामापुरतं लिहिलं. डॉक्टरला जीव वाचवायचा होता, म्हणून त्याने 'अज्ञात विषबाधा' लिहून अट्रोपिन सुरू केलं, आणि ते बरोबरच होतं. पोलिसाला गुन्हा आहे का ते पाहायचं होतं. पण बाटलीवरचं नाव जबाबात उतरवून घ्यायची पोलिसांची सवय पुढे अनपेक्षित ठिकाणी उपयोगी आली.

सिंजेंटा ही स्वित्झर्लंडमधल्या बाझलची कंपनी. तिच्या 'पोलो' या कीटकनाशकात डायफेन्थियुरॉन असतं. हे रसायन युरोपीय संघात २००२पासून आणि स्वित्झर्लंडमध्ये २००९पासून वापरातून गेलेलं होतं. पोलोशी जोडलेल्या विषबाधेच्या ९६ नोंदी, त्यांत दोन मृत्यू, यवतमाळच्या पोलीस कागदपत्रांत सापडल्या. सप्टेंबर २०२०मध्ये ५१ पीडितांच्या वतीने स्वित्झर्लंड सरकारच्या तक्रार केंद्राकडे अर्ज गेला. एक वाचलेला शेतकरी आणि दोन विधवा यांनी बाझलच्या दिवाणी न्यायालयाची वाट धरली. या विषबाधेला पोलो कारणीभूत असल्याचं कंपनीने नाकारलं आहे. ५१ जणांच्या अर्जावरची मध्यस्थी २०२२मध्ये तडजोडीविना संपली. त्या दाव्यांना हात देणारा मुख्य लेखी आधार म्हणजे वैद्यकीय चाचणी नव्हे, पोलीस ठाण्यातले जबाब. वॉर्डात रक्ताची बाटली भरून ठेवणारा एक तंत्रज्ञ असता तर या माणसांची बाजू किती भक्कम झाली असती, हा विचार मला सोडत नाही.

कॅलिफोर्नियात १९७०च्या दशकापासून एक पद्धत आहे. तीव्र ऑरगॅनोफॉस्फेट नियमित हाताळणाऱ्या शेतमजुराचं रक्त मोसमाआधी घेतात आणि त्याची मूळ पातळी लिहून ठेवतात. मोसमात पातळी मूळच्या ८० टक्क्यांवर आली की मालकाला कामाची पद्धत तपासावी लागते. तांबड्या पेशींमधलं विकर ७० किंवा रक्तद्रवातलं ६० टक्क्यांवर आलं की मजुराला फवारणीवरून काढून दुसरं काम द्यायचं, पुन्हा ८०वर येईपर्यंत. त्याचा जीव तर वाचतोच, शिवाय हातात कागद येतो.

यवतमाळला यासाठी अहमदाबादएवढी संस्था लागणार नाही. व्यवसायजन्य आजार जाणणारा एक डॉक्टर, कोलिनएस्टरेज मोजणारा एक तंत्रज्ञ, कोलामी आणि बंजारा बोलणारे दोन-तीन नोंदणी कर्मचारी, भरपाईचा अर्ज भरून देणारा एक जाणकार, आणि कलम २६ची एक अधिसूचना. महाविद्यालय १९८९पासून जिल्ह्यात आहे, इमारत आहे, रुग्ण तर दर मोसमात येतातच. पेरणी जूनमध्ये होते आणि पहिली फवारणी जुलैत. पहिलं रक्त घ्यायचं ते या दोन्हींच्या मधल्या दिवसांत, मजूर पंपाला हात लावण्याआधी.