बर्फातला पंजा, बसाल्टवरचा पंजा

ताजा बर्फ पडलेल्या डोंगरवाटेवर माणूस जाड बूट घालून उतरतो आणि त्याच्यासोबतचा कुत्रा अनवाणी. तरीही पाय आधी बधिर होतात ते बहुधा माणसाचे. याचे कारण कुत्र्याच्या पंजातील रक्तवाहिन्यांच्या मांडणीत आहे. पंजाकडे गरम रक्त नेणाऱ्या धमन्यांना लागूनच थंड रक्त परत आणणाऱ्या शिरांचे जाळे असते. खाली जाणारे रक्त आपली उष्णता वाटेतच वर येणाऱ्या रक्ताला देते. त्यामुळे पंजा गार राहतो, पण गोठत नाही आणि शरीराची ऊब जमिनीत वाहून जात नाही. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लांडगा व आर्क्टिक कोल्हा यांचे पाय उणे ३५ अंश सेल्सिअसच्या द्रवात बुडवले होते. पायांचे तापमान उणे १ अंशाच्या आसपास टिकून राहिले. पाळीव कुत्र्याच्या पंजातही अशीच रचना असल्याचे जपानमधील हिरोयोशी निनोमिया आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले.

उरलेले काम अंगावरची केसांची दुहेरी शाल करते. हस्की, हिमालयातला भोटिया अशा कुत्र्यांना आत दाट मऊ लोकर आणि बाहेर राठ केस असतात. लोकरीत अडकलेली हवा ऊब धरते, राठ केस बर्फ झटकतात. सायबेरियाजवळच्या झोखोव्ह बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसे कुत्र्यांना घसरगाडीला जुंपत होती, ती याच गुणांच्या बळावर.

बर्फाचा खरा त्रास वेगळाच. शून्याच्या आसपासचा ओलसर, भुसभुशीत बर्फ बोटांमधल्या केसांना चिकटतो, पावलागणिक दाबला जातो आणि त्याचे टणक गोळे होतात. कुत्रा लंगडू लागतो, मध्येच बसून पंजा चावतो. फार थंडीतला कोरडा, पिठासारखा बर्फ तुलनेने कमी चिकटतो. दुसरा त्रास तहानेचा. कुत्रा तहान लागली की बर्फ खातो, पण हा सौदा महागाचा आहे: शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. ही उष्णता शरीरच पुरवते.

शरीर ऊब राखण्यात जितके तरबेज, तितकेच ती टाकण्यात अडखळते. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असते, म्हणजे माणसाच्या बाबतीत ज्याला ताप म्हणतात ते. अंग गार करणाऱ्या घामाच्या ग्रंथी जवळपास फक्त पंजाच्या गादीत असतात. भार सारा धापेवर. मिनिटाला तीनशेच्या वर उथळ श्वास घेऊन कुत्रा नाक, जीभ आणि तोंडातला ओलावा वाऱ्यावर सोडतो. एवढी धाप टाकायची तर स्नायूच तापतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण धापेची लय फुप्फुसे व छातीच्या नैसर्गिक कंपनाशी जुळते, झोका योग्य क्षणी ढकलावा तशी, म्हणून श्रम थोडेच पडतात. हवा दमट असली की मात्र ओलावा उडत नाही आणि सारी युक्ती फसते.

छत्रपती संभाजीनगरात बर्फ पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि गोगाबाबा टेकडीसारख्या ठिकाणी फिरायला हेच दिवस सर्वांत चांगले. इथल्या मातीतला कुत्रा म्हणजे कारवानी: लांब पाय, सडपातळ अंग, आखूड केस. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा असल्याने तो उष्णता झटपट टाकतो. बर्फात नेला तर तितक्याच झटपट गारठेल. हस्कीचे उलटे. हिवाळी पहाट त्याला मानवते, पण मराठवाड्याच्या चाळीस अंशांत त्याला बाळगणे ही हौस त्या जनावराला महागात पडते. टेकडीचा काळा बसाल्ट ऊन शोषतो आणि दुपारी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. थंडीपासून वाचवणारी पंजाची रचना या चटक्यापुढे निरुपयोगी ठरते, गादी भाजून फोड येतात.

फिरण्याच्या जागाही सगळ्या खुल्या नाहीत. देवगिरी किल्ला केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक असून १९५९ च्या नियमांनुसार अशा स्मारकात, त्याच्या देखभालीचे काम वगळता, प्राणी नेता येत नाही. गौताळा अभयारण्यात बिबटे आहेत. कुत्रा हे त्यांचे आवडते भक्ष्य, शिवाय त्याच्याकडून वन्यप्राण्यांना डिस्टेंपरसारखे रोग लागू शकतात.

बर्फाच्या गोळ्यांची जागा इथे घेते कुसळ. पावसाळा सरला की माळावरचे कुसळी गवत पिकते. त्याच्या बीजाचे टोक सुईसारखे असते, त्यामागे उलट्या दिशेचे बारीक केस आणि पिळदार शेपूट. ओल लागली की शेपटाचा पीळ सुटतो, सुकले की पुन्हा बसतो आणि बीज मातीत शिरते. पंजाच्या बेचक्यात किंवा कानात अडकलेले कुसळही असेच आत सरकते. उलट्या केसांमुळे मागे येत नाही. मग सूज येते, पू होतो. एक्स-रेमध्ये ते सहसा दिसत नाही, पशुवैद्याला जखम उघडून शोधावे लागते. म्हणून माळावरून परतल्यावर बोटांच्या बेचक्या, कान आणि काखा बोटांनी चाचपून पाहतात. बोटांमधले केस आधीच कातरलेले असले तर कुसळ लवकर सापडते, आणि तेच कातरणे बर्फातल्या गोळ्यांवरही लागू पडते.