शुगर आणि आपण, भाग ६ : ‘बसा आता, आत्याबाई’

मागच्या आठवड्यात ताटातल्या भाकरीचा हिशेब मांडला. पोटात गेल्यावर त्या भाकरीची जी साखर होते, तिचं काय होतं ते आज पाहू. त्यासाठी जामखेड तालुक्यातल्या कुठल्याही ओसरीवर बसलं तरी चालेल.

सत्तरीची आजी सकाळी झाडू उचलते, तर सून तो हातातून काढून घेते. “बसा आता, आत्याबाई. जन्मभर राबलात.” आजोबा रानाकडं निघाले की मुलगा आडवा येतो, “आबा, उन्हात कशाला?” यात माया आहे, मान आहे. पण घरात शुगर असेल तर ही माया महागात पडते. बालाघाटाच्या या कोरडवाहू मुलखात ज्यांनी ज्वारी काढली, कारखान्यावर ऊस तोडला, त्यांचं अंग पन्नास वर्षं हलत होतं. ते एकदम थांबतं. भाकरी मात्र तेवढीच राहते.

रक्तातली साखर सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायू. टाइप २ मधुमेहात इन्सुलिनची हाक त्यांना नीट ऐकू येत नाही. पण स्नायू काम करू लागला, की इन्सुलिनची वाट न बघता स्वतःच दार उघडून साखर आत घेतो. या हालचालीचा गुण एक-दोन दिवस टिकतो, म्हणून चालण्यात सलग दोन दिवसांहून जास्त खंड नको. आठवड्याला दीडशे मिनिटं, तीही जमतील तशी तुकड्यांत.

“मी कुठं लठ्ठ आहे?” असं पुष्कळ जण म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापला. ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्या सडपातळ अंगात स्नायू कमी, चरबी जास्त. त्यात वय स्नायू आणखी झिजवतं.

चालायचं कधी? न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं ४१ मधुमेही माणसांवर पाहिलं. दिवसातून एकदा तीस मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यानं जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. म्हणजे जेवून लगेच बाजेवर आडवं होण्याची सवयच आधी मोडायला हवी. रस्त्यावर दिवा नसेल तर अंगणात फेऱ्या घाला.

चालण्याइतकीच ताकदही हवी. बाजेच्या काठावर बसा, पाय जमिनीवर घट्ट टेका, हाताचा आधार न घेता उभं राहा, सावकाश परत बसा. पहिल्यांदा मांड्या थरथरतात, चारनंतर दम लागतो. आठवड्यातून दोन-तीनदा केलं तर महिन्या-दोन महिन्यांत आकडा दहावर जातो, आणि न्हाणीघरात पडायची धास्तीही कमी होते.

हे एकट्यानं होत नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका गावानं निवडून दिल्या, त्या आरोग्यसेविका झाल्या. त्यांनी घराघरांत जाऊन आयांना जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी द्यायला शिकवलं. तेव्हा विशीत असलेल्या त्या आया आज पंच्याहत्तरीच्या आहेत. त्यांच्यातल्याच दोघी-तिघींनी जेवणानंतर एकमेकींना हाक मारून देवळापर्यंत जाऊन यावं, असं मला मनापासून वाटतं.

दोन गोष्टी सांभाळा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर चालताना साखर फार उतरू शकते. घाम फुटला, हात थरथरले, की थांबून तीन चमचे साखर खा. ती पुडीत बांधून जवळच ठेवा. छातीत दुखलं तर थेट दवाखाना गाठा. आणि अनवाणी चालू नका. शुगरनं पाय बधिर झालेला असू शकतो. बाभळीचा काटा वहाणेतून आरपार येतो, रक्त दिसतं, तरी कळत नाही. घरी आल्यावर तळवे स्वतः पाहा, नजर कमी असेल तर नातवाला पाहायला सांगा. त्या पायांबद्दल पुढच्या आठवड्यात.