उद्या येताना डोक्याला तेल लावू नका

मनोविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर ‘ईईजी’ ही तीन अक्षरं दिसली की घरातल्या थोरल्या माणसांच्या पोटात गोळा येतो. डोक्याला वायरी लावणार म्हणजे शॉक देणार, अशी त्यांची समजूत. तरुण मंडळींची समजूत वेगळी: मशीन मनातलं सगळं वाचणार आणि आजाराचं नाव छापून देणार. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिलीमुळे माणसं तपासणी टाळतात, दुसरीमुळे तिच्याकडून भलतीच आशा धरतात.

ईईजीचं यंत्र मेंदूत काहीही सोडत नाही, फक्त टिपून घेतं. मेंदूतल्या असंख्य पेशी एका लयीत काम करतात, तेव्हा तयार होणारा विद्युतदाब डोक्याच्या कातडीपर्यंत पोचेस्तोवर साधारण 10 ते 100 मायक्रोव्होल्ट उरतो. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो. 50 मायक्रोव्होल्ट म्हणजे त्याचा 30,000वा हिस्सा. इतकी बारीक खूण पकडायची, तर इलेक्ट्रोड कातडीला नीट चिकटायला हवेत. आदल्या दिवशी फोनवर सांगतात, ‘केस धुऊन या, तेल लावू नका,’ ते याचसाठी. कामावर निघताना डोक्यावर तेलाचा हात फिरवायची सवय असलेल्यांनी ही सूचना लिहूनच ठेवावी. गजरा, पिना, जेल हेही नको.

गंमत अशी, की ही तपासणी शोधली तीच मुळी एका मनोविकारतज्ज्ञानं. जर्मनीतल्या येना शहरातले हान्स बर्गर तरुणपणी लष्करी सरावात घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचले. त्याच दिवशी घरून खुशाली विचारणारी तार आली; भाऊ संकटात आहे, असं बहिणीला वाटलं होतं. मनातली ऊर्जा अशी दूरवर पोचते का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून बसला. 1924 साली त्यांनी माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा नोंदवल्या आणि पाच वर्षं वाट पाहून, 1929 साली त्या छापल्या. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1934 साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा जगाला पटलं. मनाचं कोडं मात्र त्या रेघांनी सुटलं नाही. 1935 साली बॉस्टनच्या संशोधकांनी फीट येणाऱ्या रुग्णांच्या आलेखातली ठरावीक खूण दाखवली आणि ईईजी फिट्सच्या निदानाचं महत्त्वाचं साधन ठरलं.

प्रत्यक्ष खोलीत काय होतं? टेक्निशियन टेपनं डोकं मोजतात, पेन्सिलीनं खुणा करतात, तिथली कातडी किंचित घासून पुसतात आणि पेस्ट लावून साधारण वीसएक इलेक्ट्रोड बसवतात. पेस्ट गार लागते, दुखत काही नाही. मग ‘डोळे मिटा, अंग सैल सोडा’. डोळे मिटताच डोक्याच्या मागच्या भागातून सेकंदाला 8 ते 13 या लयीच्या अल्फा लहरी पडद्यावर उमटू लागतात. डोळे उघडले की त्या मावळतात. रुग्णाबरोबर आलेल्यांना पडद्याकडे पाहू दिलं, तर हे त्यांनाही दिसतं. जबडा आवळला, गिळलं, पापणी फडफडली तरी रेघा नाचतात, म्हणून शांत पडून राहायचं. मध्येच तीनेक मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. त्यानं बोटांना मुंग्या आल्या तर घाबरू नये. हृदयविकार किंवा नुकताच झालेला पक्षाघात असेल, तर ते आधीच सांगावं. नंतर डोळ्यांसमोर लुकलुकणारा दिवा धरतात. हे सगळं वीस-तीस मिनिटांत होतं, तयारीचा वेळ वेगळा.

उपाशीपोटी जाऊ नये. साखर उतरली की आलेख बदलतो, म्हणून चतुर्थीचा उपवास असेल तर तारीखच पुढे घ्यावी. काही जणांना रात्री जागून यायला सांगतात, कारण झोप लागता लागता दोष पटकन पकडला जातो. गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नयेत. झोपेच्या आणि मानसिक आजाराच्या काही औषधांनी लहरी बदलतात, तेव्हा घेत असलेल्या गोळ्यांची यादी बरोबर न्यावी.

आता कळीचा प्रश्न. नैराश्य, स्किझोफ्रेनिया, बायपोलर हे आजार ईईजीवर दिसत नाहीत. त्यांचं निदान रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलूनच होतं. मग ही तपासणी कशाला? मनाच्या आजाराचं सोंग घेऊन मेंदूचा दुसराच आजार आला नाही ना, हे पाहायला. वर्गात पाच-दहा सेकंद शून्यात बघत बसणारं पोर ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातं, आणि आलेखावर सेकंदाला तीन या लयीचे टोकदार झटके दिसतात. ती फीट असते. अचानक भीती दाटून येणं, नसलेला वास येणं, हेही कधी कानशिलामागच्या भागातल्या फिटचं लक्षण असतं. संसर्गानंतर असंबद्ध बोलू लागलेल्या आजोबांच्या आलेखात लहरी मंदावलेल्या दिसल्या, तर वेडाचा नव्हे, भ्रमाचा (डिलिरियमचा) उपचार लागतो. 2007 साली जोसेप डालमाऊ यांनी मेंदूला सूज आणणारा एक आजार उलगडला, ज्यात शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते. सुरुवातीला तो थेट वेडासारखाच दिसतो. न्यूयॉर्कची पत्रकार सुझाना कहालन हिला तो 2009 साली झाला. तिनं काढलेल्या घड्याळात सगळे आकडे उजव्या अर्ध्यात गोळा झाले होते. योग्य उपचारांनी ती बरी झाली.

‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ ‘काही झालेलंच नाही’ असा होत नाही, आणि ‘नाटक करतोय’ असा तर मुळीच नाही. फिट्स असलेल्या माणसाचाही एकवेळचा आलेख अनेकदा साफ येतो. उलट, पूर्ण निरोगी माणसाच्या आलेखात क्वचित दोष दिसतो.

म्हणूनच लहरींवरून मनाच्या आजाराचं नाव सांगू पाहणाऱ्या, जाहिरातीतल्या ‘ब्रेन मॅपिंग’पासून सावध राहायला हवं. अमेरिकेत 2013 साली मुलांच्या एडीएचडीच्या (अतिचंचलता आणि लक्ष न लागणं या विकाराच्या) निदानाला मदत म्हणून लहरींच्या प्रमाणावर आधारलेल्या एका यंत्राला परवानगी मिळाली. 2016 साली तिथल्याच न्यूरॉलॉजी अकादमीनं नेहमीच्या निदानात ती पद्धत वापरू नये, असं बजावलं. मेंदूच्या लहरींवरून मन वाचण्याचा मोह कोर्टापर्यंतही पोचला होता. 2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका खून खटल्यात अशी चाचणी पुराव्यात धरली. 2010 साली सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात निकाल दिला, की संमतीशिवाय कुणावरही ती सक्तीनं करता येणार नाही.

चिठ्ठी हातात पडली की डॉक्टरांना सरळ विचारा: ‘यात तुम्ही काय शोधताय? ते सापडलं किंवा नाही सापडलं, तर उपचार काय बदलेल?’ चांगला डॉक्टर या प्रश्नानं चिडत नाही. आणि तपासणीची तारीख लांबची असेल, घरातल्या माणसाची अवस्था पाहवत नसेल, तर तोवर वाट पाहत बसू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास आणि विनाशुल्क चालू असतो.