दाढीपूर्वी लावावयाचे घरगुती तेल : कृती, वापर व दक्षता

मुंबईच्या उत्तरेस मिरा-भाईंदर येथे शांती नगर नावाची दाट वस्ती आहे. प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य तेथे असते व काम खेड्यांत असते. शांती नगरातील दुकानांत दाढीपूर्वी लावावयाच्या तेलाच्या लहान बाटल्या विकावयास असतात. त्यांवरील घटकांची यादी वाचली, तर तीत बहुधा एरंडेल, खोबरेल, तीळतेल अशी आपल्या परिचयाची तेलेच आढळतात. जे जिन्नस आपल्या शेतात व बागेत पिकतात, तेच शहरातून बाटलीत भरून विकत आणण्याचे कारण नाही. हे तेल घरी कसे करावे व कसे वापरावे, याची माहिती या लेखात दिली आहे. दाढी व औषध-फवारणी यांचा परस्परसंबंध अनेकांच्या ध्यानात येत नाही, त्याविषयीही शेवटी लिहिले आहे.

तेलाचे कार्य काय?

कोरडा केस कठीण असतो. तो पाणी शोषून घेतो, फुगतो व मऊ होतो. यास कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे लागतात. मऊ झालेला केस कापण्यास पात्यावर कमी जोर द्यावा लागतो व कातडी कमी ओरबाडली जाते. म्हणजे केस मऊ करण्याचे काम पाण्याचे आहे, तेलाचे नव्हे. तेल दोन गोष्टी करते. केसात शिरलेले पाणी ते लवकर सुकू देत नाही, आणि पाते व कातडी यांमध्ये निसरडा थर तयार करते.

यावरून एक नियम निघतो : आधी पाणी, मग तेल. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात आपण आधी तेल लावतो व मागाहून पाणी घेतो. येथे क्रम उलटा आहे. प्रस्तुत लेखकाने प्रथम कोरड्या दाढीवरच तळहातभर तेल चोळले होते. परिणामी साबणाचा फेस झाला नाही, पाते तेलाने भरून गेले व हनुवटीवर दोन ठिकाणी कापले. चूक तेलाची नव्हती, रीतीची व प्रमाणाची होती.

कोणते तेल निवडावे?

एरंडेल : हे दाट व चिकट असून कातडीवर टिकून राहते. यातील सुमारे ८५ ते ९० टक्के भाग रिसिनोलिक आम्लाचा असतो व त्यामुळेच त्यास हा दाटपणा येतो. एकटे वापरल्यास ते फार चिकट होते, म्हणून पातळ तेलात मिसळावे.

तीळतेल : हे मध्यम पातळ असून त्यातील नैसर्गिक घटकांमुळे लवकर खवट होत नाही. थंडीत गोठत नाही. राज्याच्या सर्व भागांस हे सोयीचे आहे.

खोबरेल : कोकणात हे घरचेच असते. मात्र सुमारे २४ ते २५ अंश सेल्सिअसच्या खाली ते गोठते. त्यामुळे नाशिककडे किंवा विदर्भात हिवाळ्यात बाटली कोमट पाण्यात ठेवावी लागते. ज्यांच्या चेहऱ्यावर मुरुमे येतात त्यांनी ते टाळावे.

करडईचे तेल : पातळ व हलके असते, परंतु लवकर खवट होते. सोलापूर व मराठवाड्याकडे ते सहज मिळते. वापरावयाचे असल्यास महिनाभर पुरेल इतकेच मिश्रण करावे.

मोहरीचे तेल चेहऱ्यावर आग करते. करंजाचे व कडुनिंबाचे तेल उग्र असते. ही तीनही दाढीसाठी घेऊ नयेत. वासासाठी लिंबाचे किंवा गवती चहाचे अर्क-तेल घालण्याचा मोह होतो, तोही आवरावा. ताज्या दाढीच्या कातडीस ते झोंबते व काहींना त्याने पुरळ उठते.

कृती

साहित्य : तीळतेल किंवा खोबरेल ३ चमचे व एरंडेल १ चमचा. चमचा ५ मिलिलिटरचा, म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर मिळतो तो घ्यावा. मिश्रण २० मिलिलिटर होईल.

१. गडद रंगाची लहान काचेची बाटली पाण्यात उकळून उन्हात पूर्ण वाळवावी. आत पाण्याचा अंश राहिल्यास तेल बिघडते.

२. खोबरेल घरी नारळाच्या दुधापासून काढलेले असल्यास त्यातील पाणी पूर्ण आटले आहे याची खात्री करावी व ते कोरड्या, स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावे. घाण्याचे तेल असल्यास दोन दिवस निवू द्यावे व वरचे नितळ तेल घ्यावे.

३. दोन्ही तेले बाटलीत ओतून हलवावीत. तापविण्याची आवश्यकता नाही.

४. बाटलीवर तयार केल्याची तारीख व ‘खाण्यासाठी नाही’ असे लिहून चिकटवावे. बाटली उन्हापासून व मुलांपासून दूर ठेवावी.

एका दाढीस पाच थेंब, म्हणजे सुमारे पाव मिलिलिटर तेल पुरते. या हिशेबाने २० मिलिलिटर तेल ८० वेळा पुरेल. रोज दाढी करणाऱ्यासही ते अडीच महिन्यांहून अधिक चालते. खवट वास येऊ लागताच उरलेले तेल टाकून द्यावे. अधिक करून साठवण्यात लाभ नाही.

एरंडेल मात्र औषधाच्या दुकानातून आणावे, घरी काढू नये. एरंडीच्या बीमध्ये रायसिन नावाचे तीव्र विष असते. ते तेलात उतरत नाही, बीच्या चोथ्यात राहते. बी कुटण्याचे उखळ स्वयंपाकघरात परत गेल्यास किंवा पेंड गुरांच्या गव्हाणीत पडल्यास घात होऊ शकतो. एरंडीची पेंड हे खत आहे, पशुखाद्य नव्हे.

वापरण्याची रीत

प्रथम थोडे तेल कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आल्यास ते वापरू नये.

दाढीच्या दिवशी साबणाने तोंड धुऊन कोमट पाण्याने दाढी दोन-तीन मिनिटे भिजवावी. स्नानानंतर लगेच दाढी केल्यास हे आपोआप साधते. तोंड न पुसता पाच थेंब तेल तळहातावर घेऊन बोटांनी चोळावे. बाटलीत बोट घालू नये. मिनिटभर थांबून वर साबणाचा फेस लावावा. फेस येत नसेल तर तेल अधिक झाले असे समजावे. पाते केसांच्या वाढीच्या दिशेने, हलक्या हाताने फिरवावे व वारंवार पाण्यात धुवावे. शेवटी थंड पाण्याने चेहरा धुऊन स्वच्छ कापडाने टिपावा. पाते झटकून कोरडे ठेवावे, आणि ओढू लागताच बदलावे.

रक्ताचा प्रश्न

तेल लावूनही कधी कापतेच. म्हणून पाते प्रत्येकाचे स्वतंत्र असावे. बाप-लेकांनीही एकच पाते वापरू नये. यकृतास सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस-बी रोगाचे विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतात, आणि डोळ्यास न दिसेल इतक्या रक्तातूनही त्यांचा प्रसार होतो. केशकर्तनालयात आपल्यासमोर नवे पाते लावावयास सांगावे. यात संकोच मानू नये व कारागिरानेही अपमान समजू नये. अनेकांच्या गालांवरून फिरणारा तुरटीचा खडा याच कारणाने टाळावा. घरचा वेगळा खडा बाळगावा.

फवारणी आणि दाढी

शेतकरी बंधूंनी पुढील भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. दाढी केल्याने कातडीचा वरचा थर खरवडला जातो व बारीक जखमा होतात. अशा कातडीतून कीटकनाशक अधिक वेगाने शरीरात शिरते. मुळात चेहऱ्याची कातडी औषध अधिक शोषते. पॅराथिऑन या कीटकनाशकाच्या मानवी त्वचेवरील प्रयोगांत कपाळ व जबडा येथील शोषण हाताच्या बाहूच्या सुमारे चौपट आढळले होते. त्यातच अनेक प्रवाही कीटकनाशके तेलात विरघळणारी असतात. कातडीवरील तेलाचा थर त्यांना अडवीत नाही, उलट धरून ठेवतो. तेल लावले म्हणजे औषध लागत नाही, हा समज घातक आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये.

म्हणून फवारणीच्या दिवशी सकाळी दाढी करू नये व चेहऱ्यास तेल लावू नये. काम संपल्यावर साबणाने स्वच्छ स्नान करून, कपडे बदलून, मग सायंकाळी दाढी करावी. दुसऱ्या दिवशीही फवारणी असल्यास दाढी पुढे ढकलावी. तोंडावर मुखपट्टी, डोळ्यांस चष्मा व हातांत मोजे हे दाढी असो वा नसो, आवश्यकच आहेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

या विषयाचे प्रात्यक्षिक अर्ध्या तासात होते व त्यास खर्च नाममात्र येतो. फवारणीच्या हंगामापूर्वीच्या सभेत ते ठेवावे. तेलाच्या निमित्ताने पुरुष मंडळी जमतात व फवारणीच्या दक्षतेची गोष्ट त्यांच्या कानावर घालता येते. महिला बचत गटांनी हे तेल विकण्याचा विचार केल्यास त्यांना स्पष्ट सांगावे की, घरच्या वापरासाठी करण्यास हरकत नाही, परंतु विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने तयार करावयाची तर कायद्याने परवाना घ्यावा लागतो.

तीन चमचे व एक चमचा, आधी पाणी व मग तेल, आणि फवारणीआधी दाढी नाही, एवढे ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहिले, तरी प्रात्यक्षिकाचे सार्थक झाले असे मानावे.