वायुगाळणी, मोटारगाडीची
एंजिनाच्या सिलिंडरात जाणाऱ्या हवेतील धूळ अडविणारे साधन. मूळ कागदी गाळणीऐवजी तेल लावलेली सुती गाळणी व रुंद अंतर्ग्रहण नलिका बसविल्यास शक्ती वाढते, असा समज आहे. परंतु स्वच्छ कागदी गाळणीचा रोध मुळातच अल्प असतो. लाभ झालाच तर थ्रॉटल झडप पूर्ण उघडल्यावर व थोडाच होतो. वाढतो तो मुख्यतः आवाज. उघडी गाळणी एंजिनाजवळची तापलेली हवा ओढते. हवा १०° से.ने तापल्यास तिची घनता सु. ३ टक्क्यांनी घटते. पनवेलहून बोरघाट चढून लोणावळ्यास (उंची सु. ६२५ मी.) जाईपर्यंत घनता सु. ६ टक्क्यांनी उतरते. ही तूट टर्बोचार्जर भरून काढू शकतो, गाळणी नव्हे. पनवेल परिसरातील दगडखाणींची कठीण धूळ विरळ गाळणीतून आत गेल्यास दट्ट्याच्या कड्या व सिलिंडर झिजतात.