फोटोत मावत नाही ते चित्रात कसं मावतं? रिचर्ड एस्टेस आणि न्यूयॉर्कची फेरी

"हुबेहूब फोटोसारखंच काढायचंय, तर सरळ फोटोच काढा ना!" फोटोरिअलिझमचा विषय निघाला की हा टोमणा ठरलेला. आणि खिशात कॅमेरा असलेल्या आपल्या पिढीला तो पटतोही. आज बघूया, तो किती खरा आहे.

आपला आजचा माणूस म्हणजे रिचर्ड एस्टेस. जन्म १९३२, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात. शिकागोत चित्रकला शिकले, मग न्यूयॉर्कला येऊन मासिकं आणि जाहिरातींसाठी काम केलं. १९६० च्या दशकात ते शहराच्या काचा रंगवायला लागले. दुकानांच्या, टेलिफोन बूथच्या, बसच्या. १९६६-६७ च्या एका चित्रात बस आहे आणि तिच्यावर फ्लॅटआयर्न बिल्डिंगचं प्रतिबिंब. 'फोटोरिअलिझम' हा शब्द गॅलरीवाले लुई मायझेल यांनी काढला, तो त्यानंतर.

पुढे एस्टेस पाण्यावर आले. स्टेटन आयलंड फेरी, म्हणजे मॅनहॅटनहून साधारण २५ मिनिटांत पलीकडे नेणारी नारिंगी बोट. १९९७ पासून तिला तिकीटच नाही. रोज नोकरीला जाणारी माणसं तिने प्रवास करतात. एस्टेस यांनी ही फेरी पुन्हा पुन्हा रंगवली.

आता खरी गंमत. काचेतलं प्रतिबिंब काचेवर 'चिकटलेलं' नसतं. लेन्ससाठी ते काचेच्या मागे, खऱ्या वस्तूइतकंच लांब असतं. म्हणून काचेवरच्या डागावर फोकस केला की प्रतिबिंबातली इमारत धूसर होते. उजेडाचंही तसंच. चमकणाऱ्या पाण्याला एक्स्पोजर जुळवलं तर बोटीचा आतला भाग काळा पडतो. तो उजळवला की पाणी पांढरंफटक!

एस्टेस एकाच जागेचे अनेक फोटो काढतात आणि त्यातून एक चित्र जुळवतात. आधी ॲक्रिलिकमध्ये कच्चं, मग वरून ऑइल. नको ते वगळतात, हवं ते सरकवतात. शेवटी जवळची खिडकी, लांबचे टॉवर आणि मधलं पाणी, सगळं सारखंच स्पष्ट. असा एकच फोटो मिळणं जवळपास अशक्य.

माझ्यासारखा कोड लिहिणारा म्हणेल, अरे, हे तर आपल्या फोनमधलं एचडीआर! बरोबर, फोनही बऱ्याच फ्रेम्स एकत्र करतो. पण तिथे काय उजळायचं, काय दाबायचं, हे अल्गोरिदम ठरवतो आणि आपण न विचारता शेअर करतो. एस्टेस यांच्या चित्रात रेलिंगवरचा उजेडसुद्धा कुणीतरी बघून, विचार करून ठेवलेला आहे. फरक हाच, आणि तो लहान नाही.

आज बसच्या खिडकीशी बसलात तर एक करून बघा. फोन खिशातच ठेवा. आधी काचेवरची धूळ बघा, मग काचेतला स्वतःचा चेहरा, मग बाहेरचा रस्ता. डोळे प्रत्येक वेळी फोकस बदलतात, ते जाणवेल. हे तिन्ही एकत्र दिसावं म्हणून एक माणूस आयुष्यभर रंगवत राहिला.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!