पॅनेलच्या दाराआडचे रंग

खंडेनवमीला डोंबिवलीच्या एमआयडीसीत मशीनबरोबर कंट्रोल पॅनेललाही हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ चढते. पूजा होते ती बंद दाराची. ते दार उघडलं की आत शेकडो रंगीत वायरी दिसतात आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाचा जीव त्या रंगांच्या भरवशावर असतो.

1962 साली एमआयडीसी स्थापन झाली. ठाण्याची वागळे इस्टेट, डोंबिवली, अंबरनाथ असा कारखान्यांचा पट्टा उभा राहिला आणि त्यांच्या गरजेपोटी छोट्या गाळ्यांत पॅनेलं बनू लागली. अशा गाळ्यातला वायरमन कामाला बसला की बघत राहावं. ड्रॉइंग समोर, मुंबईच्या लोहार चाळीतून आणलेली वायरीची गुंडाळी बाजूला. वायर मापाने कापायची, टोक सोलायचं, नंबराचं फेरूल ओवायचं, लग क्रिम्प करायचा, टर्मिनलचा स्क्रू आवळायचा आणि शेवटी वायरीला एक हिसका द्यायचा. सुटली नाही, तरच पुढची.

आपल्याकडे तीन फेज म्हणजे लाल, पिवळा, निळा. न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवं किंवा हिरवं-पिवळं. स्विचगिअर आणि बसबारवरच्या खुणांसाठी भारतीय मानक आयएस 375 हे 1963 सालचं आहे. 'आर-वाय-बी' प्रत्येक वायरमनला पाठ असतं, कारण हा क्रमही आहे. थ्री-फेज मोटरच्या कुठल्याही दोन फेज उलटसुलट झाल्या, तर मोटर उलटी फिरते.

परदेशी मशीन मात्र स्वतःचे रंग घेऊन येतं. मशीनच्या विद्युत यंत्रणेसाठी असलेल्या आयईसी 60204-1 या मानकानुसार पॉवरची वायर काळी, एसी कंट्रोलची लाल, डीसी कंट्रोलची निळी आणि न्यूट्रल फिकट निळा. म्हणजे आपला काळा न्यूट्रल, त्यांचा काळा जिवंत फेज. आपला निळा तिसरा फेज, त्यांचा फिकट निळा न्यूट्रल. अमेरिकेत न्यूट्रल पांढरा किंवा राखाडी, तर आपल्या अनेक पॅनेलांत राखाडी वायर कंट्रोलची.

आयईसी मानकातला नारिंगी रंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. मेन स्विच बंद केल्यावरही ज्या वायरीत बाहेरून सप्लाय येत राहतो, तिच्यासाठी हा रंग. एका कारखान्यात रात्रपाळीत आम्ही मेन बंद करून आयात मशीनचं पॅनेल उघडलं. सोबतच्या पोराने नारिंगी वायरीकडे हात नेला. सवयीने मी आधी टेस्टर लावला, तर तो पेटला. त्या रंगाचा अर्थ त्याला कुणी सांगितलाच नव्हता.

लाल-पिवळा-निळा हे त्रिकूट आपल्याकडे ब्रिटिशांकडून आलं. खुद्द ब्रिटनने 2004 पासून युरोपाशी जुळणारे तपकिरी, काळा, राखाडी हे फेजचे रंग आणि निळा न्यूट्रल स्वीकारला. 2006 पासून नव्या कामात ते सक्तीचे झाले. काळा आणि निळा यांनी तिथे जागाच बदलल्या. म्हणून जिथे जुनी-नवी वायरिंग एकत्र आली, तिथे बोर्डावर इशाऱ्याची पट्टी लावण्याचा नियम झाला.

रंगाला मर्यादाही आहेत. धूळ, तेल, उष्णता यांनी तो मळतो. काहींना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. त्यामुळे फेरूलवरचा नंबर आणि ड्रॉइंग यांना पर्याय नाही. अर्थिंगचा हिरवा-पिवळा पट्टा मात्र दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही, हे सगळीकडे सारखं. 'लाल संपली, हिरवी घातली, चालतंय ना!' हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. मशीन चालतं, खरंच. पण पाच वर्षांनी दुसराच कुणी ते दार उघडतो आणि हिरवी दिसली म्हणून निर्धास्त हात लावतो. रंग त्याच्यासाठी असतो. आज वायर जोडणाऱ्याला कुठली कुठे गेली ते माहीतच असतं.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक पॅनेलच्या दारावर आतल्या बाजूने एक तक्ता चिकटवावा: या पॅनेलमध्ये कुठला रंग कशाचा, मेन बंद करूनही कुठली वायर जिवंत राहते. तो मराठीत असावा आणि हिंदीतही, कारण दार उघडणारे हात दोन्ही भाषांचे आहेत. पुढच्या खंडेनवमीला झेंडूची माळ चढवण्याआधी दार उघडून तेवढं काम करूया.